खरं सांगजो

बाबा फौजेत होते म्हटलं की लोकांना पहिल्यांदा बंदूक आठवते. माझ्या लग्नात नवऱ्याच्या एका मामांनी भर पंगतीत त्यांना विचारलं होतं, "काहो फौजी, किती उडवले?" बाबांनी हातातली जिलबी संपवली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "एकबी नाही. आमचं काम बोलाचं होतं." मामा हिरमुसले. बाबा मात्र अक्षरशः खरं सांगत होते. परेड आणि सराव सोडला तर त्यांची सगळी नोकरी कानाला हेडफोन लावून वायरलेसच्या सेटसमोर गेली. एका चौकीचा निरोप दुसऱ्या चौकीला द्यायचा, हे त्यांचं काम. 'जैसा आया, वैसा पहुँचाओ,' असं त्यांना शिकवलं होतं आणि पेन्शनीत आल्यावरही त्यांनी ते सोडलं नाही.

याचा घराला ताप व्हायचा. एकदा माझी मोठीआई, म्हणजे बाबांची वहिनी, रागाच्या भरात माझ्या आईबद्दल म्हणाली, "त्या म्हशीले सांगा, मी नाही येत पापड लाटाले." बाबा सरळ घरी आले आणि आईसमोर उभे राहून त्यांनी म्हशीसकट निरोप दिला. पापड राहिले बाजूला, दोन्ही जावांमध्ये अबोला सुरू झाला. आपलं काय चुकलं हे बाबांना कधीच कळलं नाही. "निरोपात आपलं शहाणपन घालाचं नाही," एवढंच ते म्हणत राहिले, आणि आई कपाळावर हात मारत राहिली.

आमचं गाव दारव्हा तालुक्यातलं, बोरी अरबच्या अंगाला. घरची कपाशी, तूर, थोडी ज्वारी. बाबा शाळेत असतानाच त्यांचे वडील गेले आणि कारभार मोठ्या भावाकडे आला. त्यांना आम्ही मोठेबाबा म्हणतो. मोठेबाबांनी शाळा सोडून वखर हाती घेतला म्हणून बाबांची शाळा सुटली नाही. आजीला, म्हणजे बाबांच्या आईला, अक्षरओळख नव्हती. पोरगा अभ्यास करतो की नुसतं पुस्तक उघडून बसतो, हे तिला कळणार कसं? तिनं फर्मान काढलं की जे काय वाचायचं ते मोठ्यानं. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत बसायची आणि बाबा ओसरीवर बसून भूगोलापासून गणितापर्यंत सगळं खणखणीत आवाजात वाचायचे. आवाज थांबला की टरफलं अंगावर यायची. "मुक्यानं कुठं अभ्यास होते काय रे?" असं तिचं म्हणणं. ही सवय त्यांना अशी लागली की पुढं साधी बसची पाटीसुद्धा ते मोठ्यानं वाचत.

दहावीत इंग्रजीनं दगा दिला. दुसऱ्या खेपेला ते पास झाले आणि अमरावतीच्या भरतीत जाऊन उभे राहिले. धावण्यात बेतासबात, छाती जेमतेम. पण एका साहेबानं कागद वाचायला दिला तेव्हा बाबांनी तो आजीला ऐकू जाईल अशा आवाजात वाचला. त्या आवाजामुळेच आपल्याला वायरलेसवर घेतलं, असं ते सांगायचे. बाबा सांगायचे म्हणजे ते खरंच असणार. ट्रेनिंग जबलपूरला झालं. मग कधी आसाम, कधी राजस्थान, बरीच वर्षं काश्मीर. मधल्या एका सुट्टीत महागावकडची मुलगी पाहून लग्न झालं. ती माझी आई. हळद उतरायच्या आत नवरा निघून गेला, असं ती आयुष्यभर ऐकवायची.

बारावी त्यांनी नोकरीत राहून केली, परीक्षेपुरती सुट्टी काढून गावाकडं आले. मी तेव्हा रांगत होते. परीक्षेच्या वर्गात मिशीवाले तेवढे हेच. पोरांना वाटलं, हे पर्यवेक्षक. सगळा वर्ग उठून उभा राहिला, आणि बाबा म्हणाले, "बसा बाप्पा, मीबी नापासच व्हाले आलो." झाले पास. शाळेच्या आवारात आजी मला मांडीवर घेऊन बसली होती. आत मोठ्यानं वाचल्याचा आवाज येत नाही म्हणून तिला काळजी लागली होती, असं आई सांगायची.

वरच्या चौक्यांवर बर्फानं वाट बंद झाली की चिठ्ठीचपाटी बंद. मग जवानांच्या घरचे निरोप खालच्या तळावरून वायरलेसनं वर यायचे. मुलगा झाला, बहिणीचं लग्न ठरलं, आई वारली. हे सगळं आधी बाबांच्या कानात यायचं आणि मग ते उठून त्या माणसाला सांगायचे. राजस्थानचा एक पोरगा त्यांच्याच बंकरमध्ये होता. त्याचे वडील गेल्याचा निरोप बाबांनी घेतला. सोबतचे म्हणाले, आत्ता सांगू नकोस, जेवू दे त्याला. बाबांनी ऐकलं नाही. त्याच्याजवळ जाऊन बसले, एका वाक्यात सांगितलं आणि तो पोरगा रडून मोकळा होईपर्यंत जागचे उठले नाहीत. वाट उघडल्यावर तो पहिल्या तुकडीबरोबर खाली उतरला. परत आला तेव्हा त्यानं बाबांचे पाय धरले. हे सांगताना बाबांचा आवाज बारीक व्हायचा.

आणि याच माणसाला त्याची स्वतःची आई गेल्याचं कुणी सांगितलं नाही.

आजी गेली ती कापसाच्या दिवसांत. वावरातून आली, छाती भरून आल्यासारखी वाटते म्हणाली आणि ओसरीवर आडवी झाली ती उठलीच नाही. मी बालवाडीत होते. मला आठवतं ते फक्त एवढंच की अंगणात खूप चपला होत्या. बाबा तेव्हा वर, बर्फात. मोठेबाबांनी आणि भाऊबंदांनी बसून ठरवलं की त्यांना कळवायचं नाही. यात कुणाच्या मनात पाप नव्हतं. फौजीच्या घरची वाईट बातमी फौजीला कळवायची नाही, अशी आमच्याकडे रीतच होती. "तिकडं एकटा हाय, हातात बंदूक हाय. डोस्कं फिरलं तर?" असं मोठेबाबा म्हणाले. कळवलं तरी तो पोचणार नव्हता, हेही खरं. मोठेबाबांनी अग्नी दिला, मुंडण केलं, तेरवी केली. सगळ्या गावाला ताकीद दिली गेली आणि गावानंही ती पाळली.

गावात फोन एकच होता, किराणा दुकानात. बाबांना खालच्या तळामार्फत क्वचित लाइन मिळायची. दुकानातून कुणीतरी पळत यायचं आणि आई पदर सावरत जायची. बाबा आधी सगळ्यांची खुशाली विचारायचे आणि मग विचारायचे, "माय कुठं हाय?" आईच्या मागं मोठेबाबा उभे. आई म्हणायची, "वावरात गेली." पुढच्या खेपेला, "आत्याबाईकडं गेली." त्याच्या पुढच्या खेपेला, "आता कुठं डोया लागला तिचा." दर वेळी फोन ठेवल्यावर आई दुकानाच्या पायरीवर बसून रडायची. एकदा बाबांनी निरोप ठेवला, "मी येऊन राह्यलो सुट्टीवर. मायले सांगा, सोले राखून ठेव." ओल्या तुरीच्या दाण्यांना आमच्याकडे सोले म्हणतात, आणि आजीच्या हातच्या सोल्यांच्या भाजीसाठी बाबा जीव टाकायचे. आईनं हा निरोप कुणाला द्यायचा?

ते आले. एस.टी.तून उतरून घरापर्यंत चालत आले आणि वाटेत जो भेटला त्यानं रामराम करून मान फिरवली. बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत पत्र्याचा एक डबा होता. त्यात अक्रोड होते. आजीला दात नव्हते, म्हणून त्यांनी चौकीवर बसून ते फोडले होते आणि बारीक कुटून आणले होते. अंगणातूनच त्यांनी हाक मारली, "माय!" मोठेबाबा बाहेर आले. त्यांच्या डोक्याला टोपी नव्हती आणि केस अजून आखूड होते. बाबा त्या केसांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी फक्त विचारलं, "कवा?"

त्या दिवशी ते बूट न काढता अंगणातच बसून राहिले. एकेकाला जवळ बोलावून विचारत होते, "तुले मालूम होतं?" शेजाऱ्याला, दुकानदाराला, मोठीआईला, शेवटी माझ्या आईला. आईनं मान खाली घालून हो म्हटलं. मला त्यांनी विचारलं नाही. त्यांनी मुद्दामच विचारलं नसावं. मग ते मोठेबाबांना म्हणाले, "मी तिथं बर्फात बसून रोज मायसंगं बोलत होतो, ती जिती हाय म्हनून. सारी दुनिया रडून मोकयी झाली, अन् मी हासत होतो. मले काहून नाही सांगतलं?" मोठेबाबा माझ्या आठवणीत तेव्हाच एकदा रडले. अक्रोडाचा तो डबा नंतर कुणी उघडला नाही.

ती सगळी सुट्टी बाबा आईशी धड बोलले नाहीत. मोठ्या माणसांनी सांगितलं आणि तिनं ऐकलं, यात तिचा काय दोष? पण फोनवर आवाज तिचा होता. निघायच्या दिवशी ती त्यांना फाट्यापर्यंत सोडायला गेली. मी तिचं बोट धरून होते. एस.टी. दिसायला लागली तेव्हा बाबा म्हणाले, "यापुढं काही लपवाचं नाही. मेलं तर मेलं म्हनून सांगाचं. मी कुठंबी असो." आईनं मान हलवली आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्या लोकांसमोर ठेवला. त्या काळात, आमच्या फाट्यावर, ही केवढी गोष्ट होती!

आईनं शब्द पाळला, तोही इतका की बाबांना पुरे झालं. गावातला कुणी म्हातारा गेला की सांग, शेजारची शेळी गेली की सांग, कोंबडीला मुंगसानं नेलं की सांग. फोनची मिनिटं मयतीतच संपायची. "अवं, कोनी जितं हाय का नाही तिथं?" असं बाबा एकदा ओरडले आणि आई फोन हातात धरून हसत सुटली. त्यांचं भांडण मिटलं ते तेव्हा, असं मला वाटतं.

पेन्शनीत आल्यावर बाबा गावातच राहिले, शेती केली, सोयाबीन लावायला लागले. माझा धाकटा भाऊ पुण्याला नोकरीला गेला, मी लग्न होऊन यवतमाळात लोहाऱ्याच्या रस्त्याला आले. गावात बाबांना एक काम आपोआप चिकटलं. कुणाकडं वाईट बातमी पोचवायची असली की लोक त्यांना गाठायचे. आमच्याकडे माणूस संपलं तरी फोनवर 'सीरियस हाय, लवकर निघा' असं सांगायची पद्धत. बाबांना तिचा मनस्वी राग. "त्याचा तेवढा रस्ता काहून खोटा करता?" असं ते विचारायचे. ते जायचे, समोर बसायचे, सांगायचे आणि थांबायचे. बस्स.

आईचं पोट दुखायला लागलं तेव्हा आम्ही तिला यवतमाळला दाखवलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा भावंडांना बाहेर बोलावून सांगितलं की आजार पसरला आहे, आणि पेशंटला एवढ्यात सांगू नका. भाऊ आणि मी व्हरांड्यात उभे राहून काय सांगायचं ते ठरवत होतो. अल्सर म्हणू, असं ठरत आलं होतं. बाबा बाकावरून उठले, आत गेले, आईच्या खाटेवर बसले आणि त्यांनी तिला सांगून टाकलं. मी दाराशी पोचले तेव्हा तिचा हात त्यांच्या हातात होता. आईनं पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "अस्सं? मंग औंदाच्या कुरड्या सुनबाईलेच कराव्या लागतीन." मला बाबांचा इतका राग आला होता की मी त्यांच्याशी बोलले नाही. पण आई त्यानंतर जे राहिलं होतं ते सगळं करून गेली. बहिणींना भेटली. मला तिची ज्वारीच्या पापड्यांची रीत शिकवली. मोठीआईला बोलावून म्हशीचा विषय काढला आणि दोघी हसल्या.

त्याच सुमाराला बाबांचं विसरणं आमच्या ध्यानात यायला लागलं. पंपाची मोटर सुरूच राहायची. रोजच्या पायाखालच्या बोरीच्या वाटेवर ते चुकले आणि कुणीतरी गाडीवर बसवून आणून सोडलं. माझ्या मुलाला ते माझ्या भावाच्या नावानं हाक मारायचे. त्यांचं त्यांनाही कळत होतं. एका दुपारी दवाखान्याच्या आवारात, लिंबाखाली चहा पिताना, ते मला म्हणाले, "माह्या डोस्क्यातून सारं जाऊन राह्यलं, बाई. तुई माय जाईन, अन् मी विसरीन. मी इचारलं त खरं सांगजो. हजारदा इचारलं तरी खरंच सांगजो." मी म्हटलं, "सांगीन." ते म्हणाले, "असं नाही. शब्द दे." मी त्यांचा हात हातात घेऊन शब्द दिला. आपण काय देतो आहोत हे मला कळत नव्हतं.

आई मागच्या वर्षी दिवाळीनंतर गेली. घरी, गावात, बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून. तोंडात पाणी त्यांनीच घातलं. भाऊ पोचेपर्यंत ते तिथून हलले नाहीत. स्मशानात ताठ उभे होते. मला वाटलं, चला, निदान हे तरी त्यांच्याजवळ राहील. तेरवीच्या जेवणाला पंगत बसली होती. बाबांनी पहिला घास उचलला, थांबले आणि मला हाक मारून विचारलं, "तुई माय जेवली काय वं?"

मी त्यांना यवतमाळला घेऊन आले. वावर बटाईनं, अर्ध्या वाट्यानं, कसायला दिलं. इथं आल्यावर ते रोज विचारायचे, आणि मी दिलेल्या शब्दाला जागून रोज सांगायची. "बाबा, आई गेली." त्यांच्यासाठी ती दर वेळी त्याच क्षणी जायची. तेच भिंतीला धरून बसणं. आणि मग तोच प्रश्न, जो ऐकायला लागू नये म्हणून मी देवाला हात जोडायची: "मले काहून नाही सांगतलं?" मी सांगायची की तुम्हाला माहीत होतं, तुमच्याच मांडीवर गेली. ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी आणखी एक थाप मारते आहे. "मी नव्हतो. मी असतो त मले आठवलं नसतं काय? तुमी सार्‍यायनं मिळून लपवलं." ज्या माणसानं सगळं आयुष्य त्या एका लपवण्याचं दुःख उराशी धरलं, त्याला मी रोज सकाळी उठून तेच दुःख वाढत होते. खरं सांगूनसुद्धा त्यांना खोटंच मिळत होतं. मला रडायला वेळ नव्हता. मी त्यांचं तोंड पुसायची, चहा करायची, शाळेत शिकवायला जायची आणि परत आल्यावर पुन्हा सांगायची.

भाऊ पुण्याहून आला. त्यानं हे एकदा डोळ्यांनी पाहिलं आणि मला मागच्या अंगणात ओढत नेलं. "ताई, तू रोज मारतेस त्यांना. बंद कर हे. सांग ना काहीतरी." मी म्हटलं, मी शब्द दिलाय. तो म्हणाला, "तो शब्द मागणारा माणूस आता आहे कुठं?" मी त्याला वाट्टेल ते बोलले. चार दिवस येतोस आणि अक्कल शिकवतोस, असंही म्हणाले. पण तो गेल्यावर बाबांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "माहेरी गेली, बाबा. महागावला."

त्यांचा चेहरा उजळला. "हो काय? कवा येईन?" मी म्हटलं, येईल. मला इतकं हलकं वाटलं की मी त्या दिवशी पातोडीचा रस्सा केला. ते दोन दिवसही टिकलं नाही. बाबा वाट बघायला लागले. ताटातली अर्धी भाकर तिच्यासाठी काढून ठेवायला लागले. मग म्हणाले, ती आली की संगंच जेवतो. बूट पुसून फाटकाजवळच्या कठड्यावर जाऊन बसायचे आणि रस्त्यावरून जाणारी प्रत्येक एस.टी. न्याहाळायचे. पाटी मोठ्यानं वाचायचे: दारव्हा. आर्णी. पुसद. अंग उतरत चाललं. डॉक्टर म्हणाले, खाणं वाढवा. कसं वाढवणार?

आणि या सगळ्यात मी त्यांच्यातून पुसली गेले. कधी ते माझ्या एकदम लक्षात आलं नाही. एके दिवशी चहाचा कप देताना ते म्हणाले, "बाई, तुमी लई करता माह्यासाठी. तुमाले घरी पोरंसोरं असतीन ना?" जन्मभर मला 'तू' आणि 'वं' म्हणणारा माणूस मला 'तुमी' म्हणाला. मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले.

परवाची गोष्ट. रविवार होता, दुपारचं ऊन तापलं होतं आणि ते जेवायला आत येत नव्हते. मी ताट घेऊन कठड्यावर त्यांच्याशेजारी जाऊन बसले. त्यांनी ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. खाली मान घालून म्हणाले, "बाई, एक इचारू? पोरायची माय येऊन नाही राह्यली. रुसली काय माह्यावर? म्या बोललो असन काही. मांगं एकदा मी सुट्टीभर तिच्यासंगं बोललो नव्हतो. तिची गलती नव्हती. मनात ठेवलं असन तिनं." ते रडत नव्हते. शिक्षा मान्य केल्यासारखे बसले होते. माझ्या आईनं सगळं आयुष्य या माणसावर ओवाळून टाकलं, आणि ती आपल्यावर रुसून माहेरी बसली आहे असं समजून हा उपाशी बसला आहे. हे खोटं मी घातलं होतं त्यांच्या ताटात. मला ते सहन होईना. मी ताट खाली ठेवलं.

"बाबा, ती रुसली नाही. ती गेली. मागच्या दिवाळीनंतर. मरेपर्यंत तुमच्यावर रुसली नाही ती."

मी त्या प्रश्नाची वाट बघत बसले. तो आला नाही. एक एस.टी. गेली, तिची पाटी बाबांनी वाचली नाही. मग त्यांनी विचारलं, "जवय कोन होतं?"

"तुमी होते. तुमच्या मांडीवर डोस्कं होतं तिचं. पानी तुमीच पाजलं."

त्यांनी स्वतःच्या मांडीकडे पाहिलं. पायजम्यावरून हात फिरवला. काही आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही. पण त्यांनी मान हलवली. मग एकदम ताठ होऊन माझ्याकडे वळले.

"माह्या पोरीले सांगतलं काय?"

मी ताट आणखी बाजूला सरकवलं.

"पोरगी हाय माही एक. इकडंच देल्ली, यवतमायले. लई जीव तिचा मायवर. कोनी सांगतलं नसन तिले, सारे लपवतेत. तुमी सांगा, बाई." मी कशीबशी म्हणाले, "सांगते." त्यांना ते पटलं नाही. माझे डोळे पाहून ते म्हणाले, "तुमच्यानं नाही व्हाचं. चला, मीच सांगतो तिले. दूर हाय काय तिचं घर?" आणि ते उठले. माझ्या दंडाला धरून, अशक्त पायांनी, फाटकाबाहेर निघाले.

"जवळच आहे, बाबा," मी म्हटलं.

आम्ही कॉलनीच्या रस्त्यावरून सावलीसावलीनं चालत होतो. बाबांचे ओठ हलत होते. निरोप द्यायच्या आधी तो मनात घोळवून घ्यावा तसं ते काहीतरी जुळवत होते. मग समोर बघत, त्यांच्या त्या खणखणीत आवाजात, ते मोठ्यानं म्हणाले, "पोरी, तुई माय गेली. मी होतो तिच्याजवय."

आई गेल्यापासून मी सगळ्यांना सांगत आले होते. नातेवाइकांना, बँकेला, शाळेला, आणि बाबांना तर रोज. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी भर रस्त्यात थांबले आणि मला रडू फुटलं, लहान पोरीसारखं, आवाज करून. समोरच्या घरातली बाई दारात आली. बाबा घाबरले नाहीत, पुढं निघूनही गेले नाहीत. दंडावरचा हात न सोडता माझं रडणं संपेपर्यंत माझ्याजवळ उभे राहिले.

मग हळूच म्हणाले, "असंच सांगाचं ना तिले? बराबर हाय ना?"

"बराबर हाय, बाबा," मी म्हटलं.